ताट तेच, वाढणी वेगळी: शरीराशी न भांडता वजन राखण्याची रीत

वजन कमी करायचं ठरलं की मराठी घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते, दुसरी तुपावर. मग सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, रात्री नुसतं सूप, आणि आठव्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला तीन बटाटेवडे. या सगळ्यात चहाबरोबरच्या बिस्किटांना, कढईत ओतल्या जाणाऱ्या तेलाला आणि संध्याकाळी डब्यातून मूठमूठ जाणाऱ्या शेवेला कुणी बोट लावत नाही. दोन महिन्यांत वजन होतं तिथे येतं आणि 'आपल्यात चिकाटीच नाही' ही बोचणी तेवढी मागे राहते.

माझं म्हणणं असं की बहुतेक मराठी घरांत पदार्थ बदलायची फारशी गरज नसते. बदलावी लागते ती वाढणी आणि वाण्याची यादी. ही दोन्ही कामं घरानं मिळून करायची आहेत. ज्याचं वजन वाढलंय त्यानं एकट्यानं वेगळी वाटी घेऊन बसण्यात काही अर्थ नाही. आणि हे करताना त्या माणसाला जेवताना टोमणे मारायचे नाहीत. हा भाग लोकांना शोभेचा वाटतो, पण माझ्या मते निम्मं काम तिथेच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांनी आहारात फेरफार डॉक्टरांना विचारूनच करावेत. काही कारण नसताना वजन भराभर उतरत किंवा वाढत असेल तर ताटाकडे बघण्याआधी तपासण्या करून घ्या. थायरॉइड, साखर, स्त्रियांमध्ये पीसीओएस (पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा आजार), काही औषधं, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं.

पहिलं काम: काट्याआधी टेप

वजनाचा काटा घरात असेल तर ठीक, नसेल तरी अडत नाही. शिंप्याची टेप पुरते. सकाळी उपाशीपोटी, सैल उभं राहून, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं टोक यांच्या मधोमध टेप धरायची. पोट आत ओढायचं नाही. इथे कुणी फोटो काढत नाहीये. भारतीयांसाठी पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही लक्ष ठेवण्याची रेघ मानतात. टेपही नसेल तर एक सुतळी घ्या, आपल्या उंचीएवढी कापा, दुमडून अर्धी करा आणि ती कमरेभोवती पुरते का बघा. पुरली तर बरं. नाही पुरली तर पोटाभोवती चरबी साठते आहे असं समजा.

मग बीएमआय. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. जगभर २५च्या पुढे जास्त वजन धरतात, पण आपल्याकडे धोका आधी सुरू होतो म्हणून भारतीय डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. १८.५ च्या खाली कमी वजन. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हा पट्टा साधारण ४४.५ ते ५५ किलो येतो. १७० सेंटिमीटरच्या पुरुषासाठी ५३.५ ते ६६.५.

हा आकडा एकट्यानं खरं सांगत नाही, आणि याचा सगळ्यात गाजलेला दाखला पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, स्नायू कमी, ही ठेवण आपल्याकडे जन्मापासून दिसते हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांत वर्षानुवर्षं केलेल्या कामातून पुढे आलं आहे. तेव्हा घरातला जो सडपातळ भाऊ 'मला काय होतंय' म्हणून वाटेल ते खातो, त्याचीही साखर एकदा बघा. आणि जी मुलगी अंगानं भरलेली आहे पण कमरेचं माप, रक्तदाब, साखर सगळं नीट आहे, तिच्या मागे लागू नका.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या साधारण पाच स्त्रियांमागे एकीचं वजन कमी भरतं आणि चौघींमागे एकीचं जास्त, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे 'वजन राखणं' हे काहींसाठी वाढवणंही असतं. खाली जे लिहिलंय ते दोघांनाही लागू आहे, वाढपाचा हात तेवढा कमी-जास्त.

दुसरं काम: आठवडाभर नुसतं लिहायचं

पहिल्या आठवड्यात काही सोडायचं नाही, काही सुरू करायचं नाही. एक वही ओट्यावर ठेवायची आणि तोंडात गेलेलं सगळं लिहायचं. वेळ, पदार्थ, किती, आणि भूक होती का. कॅलरी लिहू नका, त्या नादात वही तिसऱ्या दिवशी बंद पडते. ज्यांना पूर्वी खाण्याच्या बाबतीत त्रास झाला आहे, उपाशी राहणं किंवा खाऊन उलटी काढणं, त्यांनी मात्र ही वही अजिबात ठेवू नये.

वहीतून तीन-चार गोष्टी हमखास उघड्या पडतात. एक, चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते. दोन, दुपारी चार ते सहा. जेवणात डाळ-भाजी कमी पडली की या वेळात पोट ओरडतं आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. तीन, रात्रीचं उशिराचं जेवण, मुंबई-ठाण्यात तर नऊ-साडेनऊ म्हणजे लवकर.

चौथी गोष्ट फक्त स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वहीत सापडते. पातेल्यात उरलेला भात, मुलानं अर्धी टाकलेली पोळी, 'एवढ्याशासाठी कुठे फ्रिजमध्ये ठेवायचं' म्हणून संपवलेली आमटी. तिची स्वतःची थाळी लहानच असते, सगळ्यांच्या मागून घेतलेली. वजन वाढतं ते या वरच्या घासांनी. यावर उपाय तिच्या मनोनिग्रहात शोधू नये. छोटे डबे आणा, उरलेलं लगेच त्यात भरा, दुसऱ्या दिवशी भाताचा फोडणीचा भात आणि पोळीचा कुस्करा नाश्त्याला सगळ्यांना. आणि तिनं सगळ्यांबरोबर पानावर बसावं. हा आहाराचा सल्ला आहे, सौजन्याचा नव्हे.

तिसरं काम: डावी बाजू मोठी करायची

आपल्या पानाची मांडणी मुळात चांगली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे भात, पोळी. बिघडलं आहे ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर उरली, आमटी पातळ झाली आणि मधला भाग पसरला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाचा हिशेब दिला आहे, सगळा कच्च्या वजनाचा: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मासे-मांस) ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, दाणे-तीळ-बदाम असलं ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्या आणि लहान चणीच्या बाईला धान्य याहून थोडं कमी पुरेल, शेतात राबणाऱ्याला जास्त लागेल. भाज्या आणि डाळी मात्र कमी करायच्या नाहीत.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर एकच दिवस कणीक, तांदूळ, डाळ मोजून घ्या. बहुतेकांना धक्का डाळीचा बसतो. पाच माणसांच्या आमटीला वाटीभर तूरडाळ, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम, लावली तर माणशी २५ ग्रॅम झाली. दोन्ही वेळा तीच आमटी असली तरी ५०. उरलेली ३५ कुठून येणार? इथे उसळ लागते. मटकी, मूग, चवळी, वाल, मसूर, काळे वाटाणे, आपल्याकडे कडधान्यांची वाण नाही. पिठलं, मुगाची धिरडी, डाळ घालून केलेली पालेभाजी, वरणफळं, भाजणीचं थालीपीठ, हे सगळं याच खात्यात जमा होतं. प्रथिनांची गरज वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरच्या हिशेबात धान्यातून २५च्या आसपास, डाळींतून १९-२० आणि दुधातून १० मिळतात, म्हणजे शाकाहारी घरालाही पावडरचा डबा लागत नाही. अंडं खात असाल तर एका अंड्यात सहा ग्रॅम. वजन कमी होताना स्नायू झडू नयेत म्हणून आणि चार वाजता भूक लागू नये म्हणून, दोन्हींसाठी हेच खातं भरायचं.

वाढताना क्रम असा ठेवा: आधी कोशिंबीर आणि भाजी मिळून अर्धं ताट. मग वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ. उरलेल्या जागेत पोळी-भाकरी किंवा भात. दोन्ही हवं असेल तर दोन्ही अर्धं. खातानाही पहिले चार घास भाजी-कोशिंबिरीचे घ्यावेत. त्यानं जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. कोशिंबीर रोज किसायचा कंटाळा येतो हे मान्य. काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो चिरून, मीठ-लिंबू मारून ताटलीत मधे ठेवा. दाण्याचं कूट चमचाभर, मूठभर नको.

भाकरीबद्दल एक गैरसमज हल्ली फार फोफावला आहे. पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली की वजन उतरतं म्हणे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. एका जाड भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागतं, तेवढ्यात तीन फुलके होतात. भाकरी चांगलीच आहे, तेलाशिवाय होते, पोटभर वाटते, ज्वारी-बाजरी-नाचणी आलटूनपालटून खावी. पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या घेतल्या तर ताट हलकं झालेलं नसून जड झालेलं असतं.

नाश्त्याला पोहे-उपमा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. बंद करू नका. पोहे अर्धे करा आणि मटार, गाजर, मोड आलेले मूग, दाणे घालून ताटली भरा. वर ताक किंवा एक अंडं. मिसळ आवडत असेल तर उसळ जास्त, फरसाण चिमूटभर, पाव एक, तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्या. कोल्हापूरचा कट असो की खानदेशातली शेवभाजी, वर तरंगणारं तेल चमच्यानं बाजूला काढता येतं, त्यात अपमान कुणाचाच नाही. कोकणात आणि गोव्यात मासे हाताशी आहेत. बांगडा, तारली, मांदेली रव्यात घोळून तळण्याऐवजी हळद-मीठ-आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात भाजा किंवा तिखल्यात घाला. आणि हुमणाबरोबर भाताचा डोंगर करण्याऐवजी माशाचा तुकडा एक जास्त घ्या.

चौथं काम: वाण्याची यादी

घरात आलेली वस्तू खाल्ली जाणार. त्यामुळे निग्रहाची परीक्षा रोज रात्री फरसाणाच्या बरणीसमोर द्यायची की महिन्यातून एकदा दुकानात, हे ठरवावं. दुकानातलं सोपं पडतं.

तेलाचा हिशेब डब्यावर तारीख घालून करता येतो. माणशी २७ ग्रॅम धरलं तर चौघांचे दिवसाला १०८ ग्रॅम. पाच लिटरच्या डब्यात सुमारे साडेचार किलो तेल असतं, तो साधारण ४२ दिवस पुरायला हवा, तेही तूप-लोणी वेगळं न धरता. २५ दिवसांत तळ दिसत असेल तर माणशी ४५ ग्रॅम जातंय. १५ किलोचा डबा आणणाऱ्या घरात तो साडेचार महिन्यांच्या आसपास चालावा. हा हिशेब घरातल्या कुणालाही न दुखावता खरं सांगतो, म्हणून मला फार आवडतो. तेल कमी करायला फोडणीची पळी बदला, बाटलीनं थेट ओतणं बंद करा. चमच्याचं माप ठेवलं की महिन्याभरात हात बसतो.

तुपाला घाबरू नका. गरम वरण-भातावरचं चमचाभर तूप २७ ग्रॅमच्या हिशेबात बसतं. पण तूप 'औषधी' म्हणून हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. गुळाचंही तेच. चहात गूळ घातल्यानं चहा गोड आणि चविष्ट होतो, कॅलरी साखरेएवढ्याच राहतात. साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या, जीभ दोन महिन्यांत शिकते.

यादीतून मोठी पाकिटं काढा: खारी, टोस्ट, शेव, चिवडा, बिस्किटांचा फॅमिली पॅक. खावंसं वाटेल तेव्हा छोटं पाकीट आणा, ताटलीत काढा, बसून खा. त्याऐवजी भाजके फुटाणे, दाणे, मखाने, केळी, पेरू, मोसमाप्रमाणे बोरं, जांभळं, करवंदं घरात दिसतील अशी ठेवा. पेरू डब्यात बंद असला तर तो सडतो, टोपलीत टेबलावर असला तर संपतो.

उपवास, सण आणि आग्रह

एकादशी, दुप्पट खाशी, हे आपण हसत म्हणतो आणि मग साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा घेतो. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा स्टार्च, त्यात प्रथिनं नावालाच. वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. उपवास करायचा असेल तर वरी, राजगिरा, उकडलेलं रताळं, दही, ताक, फळं, काकडीची खमंग कोशिंबीर यांनी दिवस निभतो. खिचडी हवीच असेल तर एक वाटी आणि जोडीला दही. श्रावणात एकामागून एक उपवास लागतात तेव्हा हे जास्तच महत्त्वाचं.

सणाचं ताट मात्र मनापासून खावं. पुरणपोळी एक, कटाची आमटी दोन वाट्या, वर तूप. वर्षातून चार-सहा दिवस असे येतात आणि त्यांनी कुणाचं वजन वाढत नाही. वाढतं ते फराळाचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवल्यानं. चकली-शंकरपाळी कमी करा, दोन-तीन दिवसांत संपतील एवढीच. सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहू नका: मीठ आणि स्टार्च जास्त गेलं की अंगात पाणी धरून ठेवलं जातं आणि काटा किलो-दीड किलो पुढे दिसतो. चार दिवसांत ते आपोआप जातं. त्याची शिक्षा म्हणून उपाशी राहिलं की पुढच्या जेवणावर ताव मारला जातो.

आग्रहाचं काय करायचं? 'डाएट आहे' म्हटलं की वाढणाऱ्याला चेव येतो. पानावर आडवा हात धरा आणि म्हणा, 'काकू, बासुंदी अप्रतिम झालीये, पण आता जागा नाही. डब्यात देता का थोडी?' काकूंचा मान राहतो. आणि आपण यजमान असू तेव्हा एकदाच विचारावं.

चालणं, उचलणं, झोपणं

आठवड्याला १५० मिनिटं दमसास लागेल असं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. दुसरं लोक विसरतात, बायका तर हटकून. सूर्यनमस्कार, उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याची भरलेली कळशी उचलणं, काहीही चालेल. चाळिशीनंतर स्नायू टिकवले नाहीत तर तेवढ्याच जेवणावर वजन चढायला लागतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखरेसाठी उत्तम. झोप सात तास. कमी झोपलेल्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोडाकडे ओढ वाढते.

घरातलं बोलणं

'अगं, किती सुटलीस!' हे वाक्य दारात चप्पल काढायच्या आत कानावर पडतं. बारीक असेल तर 'खायला घालत नाहीत का सासरचे?' दोन्ही प्रेमानं म्हटलेलं असतं हे खरं, आणि दोन्ही लागतं हेही खरं. वजनावरून हिणवल्या गेलेल्या माणसाचं वजन पुढे कमी होण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता जास्त असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. कारण सोपं आहे. टोमणा खाल्लेली मुलगी सगळ्यांसमोर एक पोळी घेते आणि रात्री दिवा न लावता डबा उघडते. ती मैदानावर जात नाही, पोहायला जात नाही, कारण लोक बघतील. डॉक्टरकडे घसा दुखतो म्हणून गेली तरी वजनाचा विषय निघेल म्हणून तेही टाळते.

घरात दोन-तीन नियम बोलून ठरवावेत. पानावर बसल्यावर कुणाच्या शरीराबद्दल बोलायचं नाही, कौतुकानंसुद्धा. बहीण-भावांची तुलना नाही. वाढताना 'तुला कशाला तूप?' असा भेद नाही. घरात जे शिजलं ते सगळ्यांना, प्रत्येकाच्या भुकेप्रमाणे. आणि आईनं आरशासमोर स्वतःच्या पोटाला, दंडांना नावं ठेवणं थांबवावं. दहा वर्षांची मुलगी मागे उभी राहून ते सगळं शिकत असते.

मुलाच्या किंवा मुलीच्या वजनाची खरंच काळजी वाटत असेल तर विषय एकांतात काढा, शरीराचा न काढता सवयीचा काढा. 'तू जाड होत चाललीयेस' ऐवजी 'आपण सगळेच हल्ली रात्री उशिरा जेवतो, आठला बसू या का?' म्हणावं. यात 'आपण' खरं असायला हवं. बाबा सोफ्यावर वेफर्स खात मुलीला दोरीच्या उड्या मारायला सांगणार असतील तर गप्प राहिलेलं बरं.

नातेवाइकांना उत्तर द्यायची तयारी ठेवा, नाहीतर ऐन वेळी घसा दाटतो. 'आत्या, तब्येत मस्त आहे माझी. तुमचे गुडघे कसे आहेत?' हे बहुतेक वेळा पुरतं. जवळची व्यक्ती असेल तर सरळ सांगावं: 'मावशी, तू काळजीनं बोलतेस हे कळतं मला, पण त्यानं मला जेवताना लाज वाटायला लागते. हा विषय नको काढूस.' एकदा दुखावेल, मग सरावेल.

लग्न ठरलेल्या मुलींचं वेगळं सांगायला हवं. साखरपुड्यापासून मुहूर्तापर्यंत दहा किलो उतरवायचे म्हणून ज्यूस आणि पातळ ताकावर राहतात. केस गळतात, पाळी चुकते, फार वेगानं वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि लग्नानंतरच्या सहा महिन्यांत सगळं व्याजासकट परत येतं. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुष्कळ आहे. त्यात बसत नसेल तर शिंप्याला सांगून ब्लाऊजची माया उसवून घ्यावी. एकूणच कपडे आजच्या मापाचे असावेत. 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून कपाटात टांगलेली जीन्स रोज सकाळी दार उघडताच चिडवते. ती देऊन टाका. नीट बसणाऱ्या कपड्यात माणूस ताठ चालतो, चारचौघांत जातो, व्यायामालाही जातो.

मुलग्यांना हे लागत नाही असं समजू नका. कॉलेजात 'काडी' म्हणून चिडवलेला मुलगा जिममध्ये कुणी सुचवलेली, लेबलाचा पत्ता नसलेली पावडर घेतो. त्याच्याशीही हेच बोलणं करावं लागतं, शिवाय डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा उसळ.

मोबाइलवर जी खाती बघून स्वतःचीच चीड येते ती बंद करा. 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंमध्ये उजेड, उभं राहायची ढब आणि फिल्टर बदललेले असतात. त्याऐवजी आपलं शरीर काय करतं याची नोंद ठेवायला लागा: दोन जिने न धापता चढले, मांडी घालून अर्धा तास बसता आलं, नातवाला उचललं. स्वतःचं शरीर आवडून घेणं म्हणजे साखर-रक्तदाबाकडे डोळेझाक करणं, असा एक आक्षेप येतो. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांना स्वतःची किळस वाटत नाही तेच लोक तपासणीला वेळेवर जातात.

या खुणा दिसल्या तर

जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन बसणं, खाल्लेलं मुद्दाम काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, लपून भरपूर खाणं, सगळ्यांबरोबर जेवायला टाळणं, दिवसातून चारदा काट्यावर उभं राहणं, मुलींची पाळी थांबणं, चक्कर येणं. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हा आहाराचा प्रश्न राहिला नाही, आजार आहे आणि तो बरा होतो. रागावू नका, लाडू भरवू नका. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि मराठीतूनही बोलता येतं.

पुढे कसं राखायचं

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. पाळीच्या आधी दोन-तीन दिवस ते वाढलेलंच दिसणार, तेव्हा महिन्याचा कल बघा. कमरेचं माप महिन्यातून एकदा. वजन जास्त असलेल्यांनी सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरवले तरी साखर आणि रक्तदाबावर फरक दिसतो. ८० किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. कॉलेजातल्या वजनावर परतायची गरज नाही.

दोन-अडीच महिन्यांनी काटा अडतो. सगळ्यांचा अडतो, कारण हलक्या शरीराला कमी अन्न पुरतं. अशा वेळी जेवण आणखी कापू नका. आधी तेलाच्या डब्यावरची तारीख बघा, चहाचे कप मोजा, बाहेरचं खाणं किती झालं ते आठवा, आणि व्यायामात जोर लावण्याचा एक दिवस वाढवा. महिनाभर तसंच राहिलं आणि कमरेचं माप उतरत असेल तर काही करायचं नाही, स्नायू वाढत आहेत.

हव्या त्या वजनाला पोचल्यावर वर-खाली दोन किलोंचा पट्टा ठरवा. त्यात वजन फिरत राहिलं तर काट्याकडे दुर्लक्ष करा. पट्ट्याबाहेर सलग तीन आठवडे गेलं तर ओट्यावर पुन्हा वही ठेवा, आठवडाभर लिहा, आणि डावी बाजू लहान झाली आहे का ते बघा.